सत्यभामाबाईचं चुंबक

वडनेर भोलजी,
सोमवार

प्रिय आयशा,

हे पत्र माझा पुतण्या शेखर उद्याच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला घेऊन येईल आणि तुझ्या हातातच देईल. पोस्टाने पाठवलं असतं, पण गुरुवारच्या आत पोचेल याची खात्री नाही. फोन नऊ वेळा लावला. तू उचलत नाहीस. गावाकडच्या कुणाशी बोलायचं नाही असं कंपनीने तुम्हाला बजावलंय, हे तुझ्या अब्बांनी सांगितलं. पत्र वाचायचं नाही असं मात्र बजावलं नसेल, कारण पत्र लिहिणारी माणसं अजून आहेत हे त्यांच्या लक्षात आलं नसेल. उभ्याउभ्या वाचू नकोस. बस, पाणी पी आणि शेवटपर्यंत वाच. धडा लांब असला की मधली पानं गाळायची तुझी सवय मला ठाऊक आहे.

गुरुवारी सकाळी दहाला तू तुमच्या ऑफिसातल्या त्या खुर्चीत बसशील. इथे, तुझ्यापासून चारशे किलोमीटरवर, कंपनीच्या दवाखान्यात टेबलावर पाच नंबरचा पेशंट झोपलेला असेल आणि तू हातातल्या दांडीने त्याच्या मूत्रपिंडात खडा फोडणारे ते लोखंडी कण फिरवशील. मागे कंपनीचे वरचे लोक उभे राहून तुझा हात पाहतील. तुझा हात चांगला आहे, गुरुवारीही चांगलाच चालेल. पण पाच नंबर जगतो की मरतो, हे त्यावर ठरणार नाही. ज्यावर ठरणार आहे ते तुझ्या पडद्यावर दिसत नाही. म्हणून हे पत्र.

आधी चार नंबरचं सांगते. तुम्हाला नाव सांगत नाहीत, नुसता आकडा देतात. चार नंबर म्हणजे सत्यभामाबाई. कापूस वेचायला जाणारी, आपल्या शाळेच्या मागे राहणारी. तुला हे कळलं असणार, कारण तू फोनवर अब्बांना म्हणालीस, "अब्बा, मेरे हाथ से गई वो." त्यानंतर तू कुणाशी बोलली नाहीस. तुझे अब्बा, आपला वाहेद, दुरुस्तीचं दुकान उघडं टाकून माझ्याकडे आले आणि ओट्यावर बसून राहिले. तुझे अब्बा माझ्या वर्गात होते तेव्हा छड्या खाऊनही हसायचे. त्या दिवशी मी त्यांना चहा दिला तर कप हातात तसाच राहिला. मग म्हणाले, "बाई, माह्या पोरीचा हात मी पाह्यला आहे. केसासारखी तार गुंडाळे ते दुकानात बसून. तिचा हात नाही चुकत." मी म्हटलं, चुकला नसेल. तेव्हा मला एवढंच म्हणता आलं. आता जास्त म्हणता येतं.

ही गोष्ट कुठून सुरू झाली ते तुला माहीत नाही, कारण तू ती पुण्याहून पाहिलीस. इथे ती शाळेच्या ओट्यावर सुरू झाली. गावात कुठलाही छापील कागद आला की तो माझ्याकडे येतो. मी खामगावच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले तेव्हापासून ही रीत पडली आहे. आता घरोघरी शिकलेली पोरं आहेत तरी ती मोडली नाही. बाईंनी वाचून सांगितलं की अंगठा नाहीतर सही. नव्या बियाण्याचा कापूस पहिल्यांदा आला त्या वर्षीही खोके माझ्याकडेच आले होते. तू तेव्हा चौथीत होतीस. खोक्यात मोठं पाकीट नव्या बियाण्याचं आणि सोबत एक लहान पुडी साध्या बियाण्याची. मी पत्रक वाचलं: लहान पुडी शेताच्या कडेने पेरा, अळीला ती खाऊ द्या, म्हणजे अळी नव्या कापसाला सरावणार नाही. ओट्यावर हशा पिकला. माणिकराव म्हणाले, "अळीले पंगत वाढाची का आता बाई? पत्रावळी कोन देईन?" सगळे हसले, मीही हसले. समजावून सांगितलं, पण दुसऱ्यांदा सांगितलं नाही. आमच्याच शेतात ती पुडी आमच्या यांनी बैलाच्या सरकीत मिसळली आणि मी पाहत होते. पुढे गुलाबी बोंडअळीने काय केलं ते तुला ठाऊक आहे. त्या वर्षी बोंडं फोडली तर आत कापूस नव्हता. फवारणी वाढली, औषधं वाढली, फवारून आलेली माणसं ओकत घरी येऊ लागली. एका पुडीमुळे सगळं झालं असं मी म्हणत नाही. पण कागद वाचण्याचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी अर्धवट केलं.

मुतखड्याचं तुला सांगायला नको. हा पट्टाच खारा. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही आणि वेचणीच्या दिवसांत उन्हात दुसरं पाणी नसतं. आमचे हे, इंद्रभान, शेवटची दोन वर्षं आठवड्यातून दोनदा अकोल्याला रक्त धुवायला, डायलिसिसला, जात होते. मी सोबत जायचे. गाडीत दर खेपेला तीच आठ-दहा माणसं असायची आणि मधूनच एखादं यायचं बंद व्हायचं. कुणी विचारायचं नाही. म्हणून हे जायच्या आधी तुमच्या कंपनीचे लोक आले असते तर, असं मला वाटलं. खसखशीएवढे कण लघवीच्या वाटेने आत सोडायचे, बाहेरून चुंबकाने वर न्यायचे, खडा कुरतडायचा, परत आणायचे. चिरफाड नाही. आणि चालवणारी आपल्या वाहेदची पोरगी. मी वाचून सांगितलं आणि बारा जणांनी नावं दिली. गावाने त्या कणांना मुंग्या हे नाव दिलं. सत्यभामाबाई सही करताना म्हणाली, "कापसात अळी झाली, आता पोटात मुंग्या. आयशाले म्हना, जरा हळू हाक माय, म्हातारी आहे मी." तुझं नाव घेऊन ती हसत होती. हे तुला दुःख द्यायला लिहीत नाही. ती तुझ्यावर भरवसा ठेवून गेली, एवढं तुला माहीत असावं.

पत्रकाच्या तिसऱ्या पानावर एक ओळ होती: उपचारानंतर बहात्तर तास तीव्र चुंबकीय क्षेत्रापासून दूर राहावे. सगळे कण एका वेळी परत येत नाहीत, पाच-सहा आत राहतात, ते दोन-तीन दिवसांत आपोआप पडून जातात. तेवढा वेळ चुंबक जवळ नको, असा त्याचा अर्थ. माणिकरावांनी विचारलं, हे क्षेत्र म्हणजे काय? मी म्हटलं, अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात असतं तसलं मशीन. आपल्या गावात तसलं काही नाही, काळजी करू नका. आणि पान उलटलं.

आयशा, त्या वेळी माझ्यासमोर बसलेल्या बारा जणांतल्या निदान नऊ जणांच्या कमरेला चुंबक बांधलेलं होतं.

तुझ्या अब्बांच्या दुकानातलं. तू पुण्याला गेल्यानंतर ही गोष्ट वाढली, म्हणून तुला तिचा पसारा माहीत नसेल. फाटलेल्या लाउडस्पीकरच्या मागचं ते जड, काळं, गोल चुंबक तुझे अब्बा काढून ठेवतात. सात-आठ वर्षांपूर्वी कचरूला कळ आली असताना त्याने ते दुकानातून उचलून गंमत म्हणून कमरेला धरलं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा खडा पडला. पडायचाच होता तो. पण गावभर झालं की वाहेदच्या चुंबकाने खडा ओढला. तेव्हापासून ज्याला कळ येते तो दुकानात जातो. तुझे अब्बा पैसा घेत नाहीत. चिंधीत बांधून देतात आणि म्हणतात, दुवा देजो. माणसं डाव्या नाहीतर उजव्या कुशीवर, करदोड्याला किंवा लुगड्याच्या आत बांधतात आणि मग ते तिथेच राहतं, अंगावरच्या डागिन्यासारखं. मी विज्ञान शिकवलेली बाई. मला हे थोतांड आहे हे कळत होतं. पण यात कुणाचं नुकसान नाही, पाण्याची बाटली आणि चुंबक दोन्ही सोबत असलं तर माणूस पाणी तरी पितो, असा विचार करून मी गप्प राहिले. रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू मला त्या छापील शब्दांत दिसलीच नाही.

सत्यभामाबाईचं तुझ्याकडचं काम नीट झालं. दवाखान्याने दिलेल्या कागदावर तसं लिहिलं आहे, तो मी वाचला: खडा फुटला, पाच कण शिल्लक, पेशंट स्थिर. जीपमधून घरी येताना खड्ड्यांनी तिला कळ आली. तिने काय केलं असेल? जे आठ वर्षं करत होती ते. तिच्या जावेने, अन्नपूर्णाबाईने, सांगितलं की घरी आल्या आल्या फळीवरची चिंधी काढून तिने कमरेला घट्ट बांधली आणि म्हणाली, "मुंग्यायच्या मागं हा राखनदार बरा." दुसऱ्या दिवशी लघवीतून रक्त गेलं. बायका असलं बोलत नाहीत, तीही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पोट फुगलं. अकोल्याला नेताना बाळापूरच्या पुढे संपली.

मला हे कळलं ते तिला आंघोळ घालताना. आम्ही चौघी होतो. लुगडं सोडलं तर डाव्या कुशीवर ती चिंधी, आणि तिच्याखाली कातडीवर पैशाएवढा काळानिळा डाग. अन्नपूर्णाबाईने चिंधी सोडून बाजूला ठेवली, तर शेजारी पडलेला किल्ल्यांचा जुडगा तिला जाऊन चिकटला. खट्‌ आवाज झाला. बाकीच्या पाणी घालत राहिल्या. मी तो जुडगा ओढून काढला, तर जोर लावावा लागला. इतका जोर, आयशा. आणि तिच्या पोटात पाच लोखंडी कण होते.

तेराव्याची वाट पाहिली नाही. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. तिथला व्यवस्थापक पोरगेलासा आहे, बोलायला फार गोड. त्याने सगळं ऐकलं, एक अक्षर लिहून घेतलं नाही आणि शेवटी पत्रकाची तिसऱ्या पानावरची तीच ओळ मला वाचून दाखवली. म्हणाला, सूचना स्पष्ट दिलेली होती मॅडम. ती समजावून सांगण्याचं काम गावाने तुमच्यावर सोपवलं होतं, आणि चुंबकं कोण वाटतं ते आम्ही विचारलेलं नाही. विचारायला लावू नका. म्हणजे त्याला माहीत होतं. तुमच्या पुण्याच्या लोकांनी तुझा हात चुकला असं ठरवलंय, कारण हाताची चौकशी करता येते, हात बदलता येतो आणि काम पुढे चालू राहतं. माझी चूक आणि तुझ्या अब्बांची चूक उघडी पडली तर गावोगावच्या कमरा तपासाव्या लागतील. ते त्यांना नको आहे.

मी मात्र तपासल्या. शुक्रवारपासून यादीतल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगितलं. सहा जणांनी चुंबक सोडून दिलं. बाकीचे वाद घालत राहिले. मारलं ते मुंग्यांनी, चुंबकाने आजवर कुणाला मारलं नाही, असं त्यांचं म्हणणं. माणिकराव म्हणाले, "बाई, तुमी पयले म्हनल्या काही नाही होत, आता म्हनता माणूस मरते. आमी कोनती बाई खरी धरावं?" पहिल्या चुकीला मी हसले होते, या वेळी तशी सोय नव्हती.

तुझ्या अब्बांना मी शनिवारी सांगितलं. सांगायलाच हवं होतं. वाटलं होतं ते मोडून पडतील. ते कारागिरासारखे प्रश्न विचारू लागले. चुंबक किती जाडीचं होतं? डाव्या बाजूला का उजव्या? चिंधीची घडी किती पदरी? किती तास बांधलेलं होतं? मी मास्तरीण, प्रश्न विचारला की उत्तर द्यायची सवय. सगळं सांगितलं. जाताना म्हणाले, "म्हंजे हे नक्की नाही ना बाई, तुमचा अंदाज आहे." मी म्हटलं, हो, अंदाज आहे, पक्का. ते म्हणाले, "अंदाजानं माह्या पोरीचं नाव नाही सुटत." आणि गेले. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण मी ते दुःख समजले.

रविवारी ते पुन्हा आले तेव्हा मला कळलं. सत्यभामाबाई गेल्यावर पाच नंबरच्या कचरूने भीतीने नाव काढून घेतलं, हे मला माहीत होतं. त्याच्या जागी नवं नाव कुणाचं, हे मी विचारलं नव्हतं. तुझे अब्बा. त्यांना खडे आहेत हे खोटं नाही, गेल्या वर्षीच्या सोनोग्राफीच्या फोटोत दोन दिसले होते. तुझ्या अम्मीने, सायराने, तुला सांगितलं नसेल. कागदावर त्यांनी स्वतः सही केली, या खेपेला माझ्याकडे वाचायला आणला नाही. त्यांचा हिशेब असा आहे: गुरुवारी मोठे साहेब मागे उभे असताना तू काम करशील, तुझ्या हातात चूक नाही हे ते आपल्या डोळ्यांनी पाहतील. मग वाहेद घरी येईल आणि डाव्या कुशीवर चुंबक बांधेल, तितकीच घडी, तितकेच तास. काही झालं नाही तर त्यांच्या चुंबकाने सत्यभामाबाईला मारलं नाही. झालं, तर तुझा हात सुटला. मी ओरडले त्यांच्यावर, साठीच्या माणसावर, शाळेत ओरडायचे तशी. ते म्हणाले, "बाई, तुमीच शिकवलं, एक गोष्ट बदलायची अन् बाकी सारं तसंच ठेवायचं, तवा खरं कळते. मी तेच तं करून राह्यलो." आणि माझ्याकडून वचन घेतलं की सायराला सांगणार नाही, तुला फोनवर सांगणार नाही. सांगितलं तर आजच दवाखान्यात जाऊन बसतो, गुरुवारपर्यंत कुणाच्या हाती लागत नाही म्हणाले, आणि ते बसतील. मी आज सकाळी दवाखान्यात विचारलं, नंबर रद्द कसा करतात. एक तर पेशंट स्वतः करतो, नाहीतर चालवणारा नकार देतो. तिसरं कुणी करू शकत नाही. म्हणून वचन मोडून तुला लिहिते आहे. गुरुवारी खुर्चीत बसायचं नाही. पाच नंबर माझे वडील आहेत, असं सगळ्यांसमोर सांग आणि नकार दे. नोकरी जाईल कदाचित. तुझ्या हातावरचा डाग तसाच राहील, हेही मला कळतं. पत्रकाची ओळ मी कशी वाचली याची माझी सही केलेली कबुली शेखरजवळ दुसऱ्या पाकिटात आहे, ती वापर, नाव लपवू नकोस. आणि पत्र संपताच अब्बांना फोन कर. ते फक्त तुझं ऐकतील. उशीर करू नकोस, कारण आज दुपारी अन्नपूर्णाबाई सांगत आली की वाहेद येऊन गेला आणि सत्यभामाबाईच्या अंगावरचं तेच चुंबक, दुसरं नको म्हणून, चिंधीसकट मागून घेऊन गेला.

तुझीच, आणि तुझ्या अब्बांचीही,
संजीवनीबाई